दुपारी तीनला बंद, रात्री एकदम ओके: ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीचं दर उन्हाळ्याचं दुखणं

माझा मावसभाऊ लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, घराच्या माडीवर, डोक्यावर पत्रा आणि पत्र्याखाली पीओपी, त्यामुळं एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत बसणं म्हणजे गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला बसल्यासारखं. पीसी मीच जोडून दिलेला, एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड, आणि ओव्हरक्लॉकही (प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) मीच केलेलं, म्हणजे शिव्या खायचा मान माझाच. तीन उन्हाळे झाले, दरवर्षी मार्चच्या शेवटी फोन येतो, "दादा, परत बंद पडला बघ."

बंद म्हणजे कसा, तर रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार करणं) लावलेला असतो, दुपारी अडीच-तीनला अर्ध्यात आला की खटकन बंद, ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, कुणीतरी पिन उपटल्यासारखा. परत चालू केला की चालू होतो, दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच. आणि रात्री अकरानंतर तोच पीसी तोच प्रोजेक्ट सकाळपर्यंत गुमान रेंडर करतो. जूनमध्ये पाऊस लागला की दुखणं आपोआप जातं आणि आम्ही दोघंही ते विसरून जातो. तीन वर्षं ह्यातच गेली.

यंदा एकदाचं सापडलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण असं दुखणं असलेले लई जण असणार आणि बहुतेक सगळे माझ्यासारखेच चुकीच्या जागी पैसे घालत असणार.

पहिल्या वर्षी मी सरळ लाईटवर ढकललं. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज कमी असतं, वळीव यायच्या आधी लाईट लुकलुकते, यूपीएस जुना, झालं असणार तेच. यूपीएस बाजूला काढून पीसी थेट भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डात लावला, तरी बंद. मग एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर संशय, एका मित्राकडनं चांगला साडेपाचशे वॅटचा आणून लावला, तरी बंद. खरं तर आधीच हिशोब करायला हवा होता, नुसत्या प्रोसेसरवर चालणाऱ्या रेंडरला एवढी पॉवर लागतच नाही. मग शेवटी तापमान बघितलं तर प्रोसेसर ९४-९५ डिग्रीला टेकलेला. ह्या प्रोसेसरची मर्यादाच ९५ आहे. म्हटलं सापडला चोर.

आणि इथं एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या जी मला तेव्हा कळली नव्हती. एअर कूलर कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवा आणि प्रोसेसर यांच्यातला फरक ठरवतो. समान लोडला तो फरक जवळपास तेवढाच राहतो. मी ओव्हरक्लॉक केलेलं डिसेंबरात रात्री, खोली २१ डिग्री, प्रोसेसर ७८, म्हणजे फरक ५७. म्हटलं ७८ म्हणजे मस्त. एप्रिलमध्ये खोली ३७, त्यात ५७ मिळवा, झाले ९४. काही बिघडलेलं नव्हतं, नुसती बेरीज होती. म्हणून टेस्ट करताना प्रोसेसरचा आकडा एकटा लिहू नका, साधा भिंतीवरचा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी ठेवा आणि दोन्ही आकडे लिहा. थंडीत ओव्हरक्लॉक करणाऱ्यानं मे महिन्याची खोली धरूनच हिशोब करायचा, कोल्हापुरात ३८ धरा, पत्र्याखाली असाल तर ४०.

मग दिवाळीच्या सुमाराला राजारामपुरीतनं चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १२० एमएम पंख्याचा टॉवर कूलर, म्हणजे उभा उंच कूलर आणला. बसवताना जो तमाशा झाला तो सांगतो म्हणजे तुमचा वाचेल. प्रोसेसरबरोबर आलेला मूळ कूलर सोडवायला चारही स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला, तर मधली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी) वाळून सिमेंट झालेली, कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधनं उपटून वर आला. ह्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि पकडून ठेवणारा लिव्हर बंद असला तरी तो असा निघून येतो. कोपऱ्यातल्या दोन पिना वाकल्या. मावसभावाचं तोंड बघण्यासारखं झालेलं. शिसं काढलेली पॉइंट फाइव्हची पेन्सिल घेतली, तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घालून सरळ केली, अर्धा तास श्वास धरून. तुम्ही असं करू नका, आधी पीसी दहा मिनिटं लोडवर चालवून पेस्ट गरम होऊ दे, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीकडं-उजवीकडं हळू पिरगाळा, सुटला की मगच उचला.

नवा कूलर बसला, तापमान एकदम उतरलं, आणि उतरलं म्हटल्यावर मला हाव सुटली. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ३.९५ गिगाहर्ट्झवर होता तो ४.१ केला, व्होल्टेज १.३८७५. डिसेंबरात खोली २१, प्रोसेसर ६०. फरक ३९. एप्रिलचा हिशोब केला, ३७ अधिक ३९ म्हणजे ७६, जगात भारी. मावसभावाला म्हटलं आता नाद नाही करायचा आपला.

पुढच्या एप्रिलमध्ये फोन. आधी निदान वीस मिनिटं तरी चालायचा, आता बारा मिनिटांत बंद.

हिशोबाप्रमाणं प्रोसेसर ७६ वरच होता, एक डिग्रीही जास्त नाही. मग मी पेस्ट तीनदा बदलली. कूलरच्या तळाचं प्लास्टिक राहिलंय का बघितलं (राहतं लोकांचं, हसू नका), स्क्रू एकाआड एक असे तिरपे आवळले, पंख्याची दिशा तपासली. सगळं बरोबर. शेवटी वैतागून ओव्हरक्लॉक काढून टाकलं आणि पाऊस आल्यावर परत लावलं. मूर्खपणाच, पण केलं.

आता यंदाचं. यंदा ठरवलं की अंदाज नाही, आधी कसा मरतोय ते बघायचं. पीसी वेगवेगळ्या पद्धतीनं मरतो आणि पद्धतीवरनं निम्मं निदान होतं. ब्लू स्क्रीन आली, क्लॉक वॉचडॉग टाइमआउट किंवा डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर असलं काहीतरी, तर बहुतेक वेळा क्लॉकच्या मानानं व्होल्टेज कमी पडतंय. लोड लावल्या लावल्या हँग किंवा रिस्टार्ट, तरी तेच. एखादा प्रोग्रामच तेवढा बंद पडतो, झिप फाइल उघडताना खराब निघते, प्राइम९५ ह्या टेस्ट प्रोग्राममधला एक वर्कर थांबतो, तर प्रोसेसर नाहीतर रॅम बारीक बारीक चुका करतंय, आणि हे सगळ्यात वाईट, कारण पीसी चालू राहतो आणि रेंडर झालेल्या फाइलमध्ये मधेच हिरवी पट्टी येते, ती लग्नवाल्यांना आधी दिसते. नुसतं स्लो होतं, बंद पडत नाही, तर कशानंतरी ब्रेक लावलाय. आणि आमच्यासारखं पिन उपटल्यागत बंद झालं तर कुठलंतरी संरक्षण ट्रिप झालंय, म्हणजे एसएमपीएस, प्रोसेसरचं तापमान किंवा बोर्डाचा पॉवरचा भाग.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि लोक त्याच्याच मागं लागतात. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट शटडाऊन न होता बंद झालं. पेशंट गेला एवढंच लिहिलेला दाखला आहे तो, कशानं गेला ते त्यात नाही. त्याच्या आजूबाजूला डब्ल्यूएचईए-लॉगरची १८ किंवा १९ नंबरची नोंद असेल तर मात्र लक्ष द्या, तिथं प्रोसेसर स्वतः बोंबलतोय. आमच्याकडं नुसतीच ४१ होती, एकामागं एक चौदा.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान, क्लॉक वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं, सेन्सर विंडो, आणि लॉगिंग चालू केलं म्हणजे बंद पडला तरी फाइल राहते. रविवारी दुपारी, खोली ३७. मावसभाऊ म्हणतो, "पंखा तर फिरायलाय की, हवा पण गार लागतीय." लागत होती, कारण टॉवर खरंच काम करत होता. नवव्या मिनिटाला क्लॉक ४१०० वरनं एकदम साडेपाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास पडला, दोन सेकंदांनी परत वर, परत खाली. प्रोसेसर ७५ डिग्री. आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळं वेग कमी करण्याच्या) तीन ओळी असतात त्यातल्या प्रॉकहॉट एक्सटर्नल ह्या ओळीपुढं "यस" आलेलं, बाकीच्या दोन्हीत "नो". बाराव्या मिनिटाला पीसी गेला.

ती ओळ म्हणजे सगळं उत्तर होतं. एक्सटर्नल म्हणजे प्रोसेसर स्वतः तापून थांबत नाहीये, बाहेरनं कुणीतरी त्याला सांगतंय की बाबा थांब, मी जळतोय. हा बाहेरचा म्हणजे बोर्डावरचा व्हीआरएम.

व्हीआरएम म्हणजे काय ते थोडक्यात. एसएमपीएस प्रोसेसरसाठी १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला पाहिजे सव्वा-दीड व्होल्ट, हे उतरवायचं काम सॉकेटच्या कडेला रांगेनं बसलेले मॉस्फेट आणि चोक करतात. १०० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला १.३ व्होल्टवर साधारण ७७ अँपिअर करंट द्यायचा असतो, आणि ते देताना दहा-पंधरा वॅट त्या मॉस्फेटमध्येच उष्णता होऊन जातात. चांगल्या बोर्डावर त्यांच्यावर जाडजूड हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा असतो. आमच्या बोर्डावर काहीच नव्हतं, नुसते काळे तुकडे उघडे.

मग कूलर बदलल्यावर त्रास वाढला कसा? तर मूळ कूलरचा पंखा वरनं खाली हवा मारतो, ती हवा बोर्डावर आपटून चारी बाजूला पसरते आणि जाता जाता व्हीआरएमला लागते. टॉवर कूलरची हवा बोर्डाला समांतर, वरच्या वर मागं निघून जाते. म्हणजे मी प्रोसेसरला गार केलं आणि व्हीआरएमचा वारा काढून घेतला, आणि वर त्याच्यावरचा भार वाढवला. स्वतःच्या हातानं, पैसे देऊन.

खात्री करायला मी शिरोली एमआयडीसीत जिथं कामाला आहे तिथनं तापमानाची गन आणली, इन्फ्रारेडवाली. मॉस्फेटच्या काळ्या प्लास्टिकवर नेम धरला, १०८ डिग्री, तेही पीसी बंद पडायच्या दोन मिनिटं आधी. गन वापरणार असाल तर चकचकीत धातूवर धरू नका, चोकच्या पॉलिश केलेल्या भागावर किंवा हीटपाइपवर ती वाट्टेल ते कमी दाखवते, काळ्या प्लास्टिकवर बऱ्यापैकी खरं दाखवते. गन नसेल तर त्याहून सोपी टेस्ट आहे, साइड पॅनल काढा आणि टेबल फॅन थेट सॉकेटच्या बाजूला सोडा. प्रोसेसरचं तापमान जेमतेम दोन-तीन डिग्रीनं कमी झालं पण बंद पडायचं थांबलं, तर चोर व्हीआरएमच. आमचा दीड तास चालला, मग मीच बंद केला. बोट लावून बघू नका, १०८ म्हणजे चहाच्या उकळीच्या वर आहे.

आता दुरुस्ती. खरा इलाज व्होल्टेजमध्ये आहे, पंख्यात नंतर. क्लॉक वाढवला की उष्णता त्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवला की वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा प्रोसेसर आमच्याकडं डिफॉल्टला सगळ्या कोअर मिळून साधारण ३.७ वर १.२ व्होल्टला चालायचा. मी केलेलं ४.१ आणि १.३८७५. हिशोब करा, क्लॉक ११ टक्के वाढला, व्होल्टेजचा वर्ग ३४ टक्के, दोन्ही मिळून उष्णता जवळपास दीडपट. त्या बदल्यात काय मिळालं, तर तासाचं रेंडर ५४ मिनिटांत. सहा मिनिटांसाठी चुलवाणात दीडपट चिपाडं कोंबलेली. आता ३.९ वर १.२६२५ ला चालतोय, उष्णता १७ टक्केच जास्त, रेंडर ५७ मिनिटं. तीन मिनिटं गेली, त्यात मावसभाऊ चहा पितो.

सेट करायची पद्धत अशी ठेवा. आधी रॅमचं एक्सएमपी (रॅम वाढीव स्पीडला चालवणारं सेटिंग) बंद, कारण रायझन २००० ला अधिकृत रॅम स्पीड २९३३ आहे आणि ३२०० वर चालवणं हेच एक वेगळं ओव्हरक्लॉक आहे, दोन्ही एकदम लावली तर चूक कुणाची ते आयुष्यात कळणार नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कोअर व्होल्टेज ऑटोवर अजिबात सोडू नका, मल्टिप्लायर (ज्यानं क्लॉक ठरतो तो आकडा) वाढवला की बरेच बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन मोकळे होतात. स्वतः आकडा टाका, आणि मग आधी क्लॉक ठरवून व्होल्टेज एकेक पायरी खाली आणा, अडखळला की दोन पायऱ्या वर. बहुतेक लोक उलटं करतात, व्होल्टेज आधी जास्त देऊन बसतात आणि मग क्लॉक किती चढतोय ते बघतात. १.३५ च्या वर ह्या पिढीला मी एअर कूलरवर आता जात नाही. आणि लोड लाइन कॅलिब्रेशन म्हणून एक सेटिंग असतं, लोड आल्यावर व्होल्टेज जे थोडं पडतं ते सावरायला, ते मधल्या लेव्हलला ठेवा, सगळ्यात वरची लेव्हल लावली तर लोड सुटताना व्होल्टेजची उसळी बसते आणि व्हीआरएमही जास्त तापतो.

प्रत्येक बदलाला सिनेबेंच आर२३ ही टेस्ट दहा मिनिटं, ते फक्त चाळणी म्हणून. पास झालं की ओसीसीटी किंवा प्राइम९५ एक तास, तेही दुपारी, पंखा आणि खिडकी रोजच्यासारखी ठेवून. रात्री एसीत पास झालेली टेस्ट मला दाखवू नका. शेवटी खरं काम, म्हणजे एक अख्खं लग्न रेंडर करून फाइल पुढं-मागं करून बघायची. आणि प्रयोग चालू असताना मूळ फुटेज वेगळ्या हार्ड डिस्कवर, हे सांगायला नको पण सांगतो. पीसी चालूच होईना झाला तर घाबरायचं नाही, पॉवर काढून बोर्डावरचा, बायोसची सेटिंग पुसणारा सीमॉस जंपर शॉर्ट करायचा किंवा गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवायची, सगळं डिफॉल्टला येतं.

हवेचं काम मग. कॅबिनेटच्या पुढं एक पंखा आत घेणारा, मागं एक बाहेर टाकणारा, एवढं पाहिजेच, नाहीतर टॉवर कूलर तीच गरम हवा फिरवत बसतो. व्हीआरएमसाठी जुन्या प्रोसेसर कूलरचा ८० एमएमचा पंखा सोडवला, दोन झिप टायनं मागच्या पंख्याच्या जाळीला असा तिरका लटकवला की हवा थेट मॉस्फेटवर पडते, आणि बोर्डावरच्या मोकळ्या फॅन हेडरला जोडला. मॉस्फेटवर चिकटवायचे छोटे ॲल्युमिनियमचे हीटसिंक मिळतात थर्मल टेपसकट, तेही लावलेत, पण टेप चांगली नसेल तर गरम झाल्यावर निसटून खाली ग्राफिक्स कार्डावर पडतात, शॉर्ट होईल, म्हणून टॉवर कॅबिनेट असेल तर मी जपूनच सांगेन. धूळ दर दोन महिन्यांनी ब्लोअरनं, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा.

नवीन पीसी असेल तर हा सगळा खटाटोप करायच्या आधी थांबा. रायझन ५००० पासून पुढं सगळ्या कोअर एका क्लॉकला बांधल्या तर एका कोअरवरच्या कामात उलटा तोटाच होतो, तिथं पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर ह्या बायोसमधल्या सेटिंगनं व्होल्टेज कमी करणं जास्त शहाणपणाचं. रायझन ७००० मालिकेतले वरचे, एक्सवाले प्रोसेसर तर मुद्दाम ९५ पर्यंत जायलाच बनवलेत, तो आकडा बघून बोंब मारायचं कारण नाही. इंटेलमध्ये नावात के नसलेला प्रोसेसर असेल तर मल्टिप्लायर लॉक असतो, आणि एएमडीच्या ए३२० बोर्डावर ओव्हरक्लॉक होतच नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. आणि ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे दोन्ही कंपन्यांचं लिखित आहे.

आमचं सध्याचं असं आहे: परवा दुपारी तीनला खोली ३८, रेंडर लावून तास झालेला, प्रोसेसर ६८, मॉस्फेटवर गन धरली तर ८१, प्रॉकहॉट एक्सटर्नल "नो". फक्त तो लटकवलेला पंखा जाळीवर घासून टर्रर्र करत होता, मावसभावानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मधे घातलाय, आता फक्त ४० टक्क्यांच्या आसपास स्पीडला तेवढा गुणगुणतो.